अपेक्षित उत्तराचे व्याकरण: टर्मिनलच्या चाचणी-स्क्रिप्टांची भाषाशास्त्रीय समीक्षा

संगणकावरील टर्मिनलच्या खिडकीत जो व्यवहार चालतो तो मूलतः संभाषणाचा व्यवहार आहे. मनुष्य एक ओळ टंकित करतो, यंत्र तिला उत्तर देते, आणि आपले बोलणे संपले याची खूण म्हणून प्रॉम्प्ट दाखवून स्तब्ध राहते. या संभाषणातील मनुष्याची जागा जेव्हा आधी लिहून ठेवलेल्या मजकुराने घेतली जाते, म्हणजे प्रश्न कोणते टाकावयाचे, उत्तर कोणते यावयास हवे आणि ते आले नाही तर काय समजावयाचे हे सारे पूर्वीच ठरविलेले असते, तेव्हा त्या मजकुरास चाचणी-स्क्रिप्ट म्हणतात. शब्दकोश, शुद्धलेखन-तपासणी, पदविश्लेषण इत्यादी कामांसाठी भाषाविभागांत ज्या आज्ञावली वापरल्या जातात त्यांपैकी बऱ्याच याच खिडकीत चालतात, आणि त्यांत केलेल्या प्रत्येक दुरुस्तीनंतर त्या पूर्ववत् काम करतात की नाही हे अशाच स्क्रिप्टांनी पाहिले जाते. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे असे मानून भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरविणे इष्ट नव्हे. ‘हे उत्तर बरोबर, ते चूक’ असे जेथे लिहून ठेवले जाते तेथे व्याकरण लिहिले जात असते, मग लिहिणाऱ्यास त्याची जाणीव असो वा नसो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, टर्मिनलची चाचणी-स्क्रिप्ट हा एक व्याकरणिक निर्णय होय. तो निर्णय ज्या गृहीतांवर उभा असतो ती गृहीते देवनागरी लेखनास आणि विशेषतः खानदेशातील बोलींस लागू करताना तपासून घेतली पाहिजेत.

१

या प्रकारच्या स्क्रिप्टांची आदर्श कृती म्हणून ‘एक्स्पेक्ट’ या साधनाकडे पाहावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविज्ञान संस्थेतील डॉन लिब्झ यांनी ते तयार करून १९९० साली विद्वानांपुढे मांडले. त्याचा पाया जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कले येथे रचलेली ‘टीसीएल’ ही स्क्रिप्टभाषा हा आहे. एक्स्पेक्टचे सामर्थ्य त्याच्या अल्पशब्दत्वात आहे. ‘स्पॉन’ म्हणजे आज्ञावली सुरू करणे, ‘सेंड’ म्हणजे तिच्याकडे ओळ पाठविणे, ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे तिच्या उत्तरात ठरलेल्या नमुन्याची वाट पाहणे आणि ‘इंटरॅक्ट’ म्हणजे संभाषणाची सूत्रे पुन्हा मनुष्याच्या हाती देणे. या चार क्रियापदांत बहुतेक सर्व कार्य उरकते. हे साधन आज्ञावलीस एका आभासी टर्मिनलशी जोडून देते. त्यामुळे समोर खरोखरीचा मनुष्य बसला आहे अशाच समजुतीने ती आज्ञावली वागते. युनिक्स-परंपरेतील प्रणालींत ही सोय पूर्वीपासून होती. विंडोजमध्ये तिच्या तोडीची सोय २०१८ साली, विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत आली.

‘एक्स्पेक्ट’ म्हणजे अपेक्षा करणे. हे क्रियापद मध्यवर्ती मानण्यात लिब्झ यांची मार्मिकता दिसून येते. शेग्लॉफ व सॅक्स यांनी १९७३ च्या आपल्या निबंधात संभाषणातील वाक्ये जोडीजोडीने येतात असे दाखविले. प्रश्नापाठोपाठ उत्तर अपेक्षित असते, अभिवादनापाठोपाठ प्रत्यभिवादन अपेक्षित असते, आणि ते न आले तर त्याचे न येणे हेच अर्थपूर्ण ठरते. एक्स्पेक्टची रचना या तत्त्वाशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. परंतु जेथे ती जुळत नाही तेथेच तिचे वैगुण्य शोधले पाहिजे, आणि अशी स्थळे तीन आहेत.

पहिले स्थळ मौनाचे. अपेक्षित नमुना येईपर्यंत एक्स्पेक्ट थांबते, परंतु अनिश्चित काळ नव्हे. वेगळे काही सांगितलेले नसल्यास ही मर्यादा १० सेकंदांची असते. ती मुदत उलटून गेली आणि मौनाचे काय करावयाचे हे लिहिणाऱ्याने सांगितले नसेल, तर स्क्रिप्ट काहीच घडले नाही अशा रीतीने पुढील ओळीकडे वळते. मनुष्याच्या संभाषणात न आलेले उत्तर ही घटना असते. येथे ती घटनाच नव्हे. ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ हे सुभाषित चाचणीच्या क्षेत्रात अत्यंत घातक ठरते, कारण जी आज्ञावली बंद पडली आहे तीही त्यामुळे उत्तीर्ण झालेली दिसू शकते. पायथॉन भाषेत याच धर्तीवर रचलेल्या ‘पीएक्स्पेक्ट’ या साधनाने हा दोष ओळखलेला दिसतो. त्यात मुदत ३० सेकंदांची आहे आणि ती उलटली असता अपवाद उपस्थित होऊन, तो हाताळण्याची तजवीज केलेली नसल्यास, स्क्रिप्ट तेथेच थांबते. दोन्ही साधनांची शब्दसंपदा जवळजवळ सारखी असली तरी मौनाचा अर्थ लावण्यात त्यांचे व्याकरण भिन्न आहे.

दुसरे स्थळ प्रतिध्वनीचे. टंकित केलेली अक्षरे खिडकीत उमटतात, कारण टर्मिनल ती परत पाठवीत असते. स्क्रिप्टने पाठविलेली ओळही अशीच परत येते आणि आज्ञावलीच्या उत्तरात मिसळून जाते. समजा, शुद्धलेखन-तपासणीकडे एक शब्द पाठविला आणि तोच शब्द उत्तरात येण्याची अपेक्षा ठेवली, तर आज्ञावलीने तोंड उघडण्यापूर्वीच अपेक्षा पूर्ण होते. डोंगराला हाक मारावी आणि परत आलेला आपलाच आवाज उत्तर म्हणून टिपून घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

तिसरे स्थळ अंशाचे. एक्स्पेक्टचा नमुना उत्तराच्या आरंभाशी वा अंताशी आपोआप बांधलेला नसतो. उत्तरात कोठेही तो सापडला तरी पुरे होते. इंग्रजीत हा दोष जाणवतो, परंतु मराठीत तो विशेष बोचतो, कारण मराठीत नकार पुष्कळदा शब्दाच्या आरंभी जोडून येतो. ‘शुद्ध’ या उत्तराची अपेक्षा ठेवलेली स्क्रिप्ट ‘अशुद्ध’ हे उत्तर पाहूनही संतुष्ट होते, आणि ‘यश’ शोधणारी ‘अपयश’ सापडल्याने कृतार्थ होते. येथे यंत्राने काही खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. शब्दाची सीमा कोठे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

२

हे तीन दोष कोणत्याही भाषेत संभवतात. देवनागरीच्या संबंधात त्यांच्या जोडीला एक चौथा आणि अधिक मूलभूत प्रश्न उभा राहतो. चाचणी नेमके काय मोजते, हा तो प्रश्न होय. मराठी वाचकाचे एकक ‘अक्षर’ हे आहे. संगणकाच्या साठवणीत मात्र त्याचे एकक बाइट असते, युनिकोडच्या दृष्टीने ते संकेतबिंदू असते, आणि टर्मिनलची खिडकी बुद्धिबळाच्या पटासारखी घरांत विभागलेली असल्यामुळे तेथे ते घर असते. ही चार मापे एकमेकांशी जुळत नाहीत.

उदाहरणासाठी खानदेशाबाहेर जाण्याचे कारण नाही. ‘जळगाव’ या शब्दात चार अक्षरे आहेत, संकेतबिंदू पाच आणि यूटीएफ-८ या पद्धतीत बाइट १५. ‘धुळे’ या शब्दात अक्षरे दोन, संकेतबिंदू चार आणि बाइट १२. घरांच्या हिशेबात उकार, एकार यांसारखी वर-खाली जोडली जाणारी चिन्हे शून्य घरांची आणि काना, वेलांटी यांसारखी बाजूस बसणारी चिन्हे एका घराची धरण्याची जुनी रीत आहे. तीनुसार ‘जळगाव’ पाच घरे व्यापते आणि ‘धुळे’ दोनच.

आता या नावांची यादी रकान्यात छापणारी एखादी आज्ञावली बाइट मोजून प्रत्येक नावापुढे ३० पर्यंत रिकाम्या जागा भरते असे समजू. ‘जळगाव’ला १५ जागा मिळतील आणि घरांची बेरीज २० होईल. ‘धुळे’ला १८ जागा मिळतील आणि तेथेही बेरीज २० च होईल. रकाना सरळ उभा राहील, चाचणी उत्तीर्ण होईल आणि लिहिणारा समाधानाने उठेल. परंतु १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा या यादीत घालताच हे समाधान कोसळते. ‘नंदुरबार’ या शब्दाचे बाइट २४ आणि घरे सहा आहेत, त्याला रिकाम्या जागा सहाच मिळतात, आणि बेरीज २० ऐवजी १२ होते. मोजण्याची रीत आरंभापासूनच चुकीची होती. पहिल्या दोन नावांत बाइट आणि घरे यांतील अंतर योगायोगाने सारखेच, म्हणजे दहा, असल्यामुळे ती चूक झाकली गेली. संकेतबिंदू मोजले असते तर ती याच दोन नावांवर उघडकीस आली असती. दोन उदाहरणांवरून नियम बांधणाऱ्या व्याकरणकारास जो इशारा द्यावयाचा तोच चाचणी लिहिणाऱ्यासही दिला पाहिजे.

मोजणीपेक्षाही तुलनेचा प्रश्न बिकट आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही मराठी व्याकरणातील परिचित जोडी घ्यावी. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकात तीन प्रकारे लिहिलेला आढळू शकतो: ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतबिंदूने, ‘र’ व त्याखालील नुक्ता यांच्या जोडीने, किंवा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साह्याने. वाचकास तिन्ही ठिकाणी एकच शब्द दिसतो. युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिले दोन प्रकार एकरूप होतात, तिसरा होत नाही. बाइटाशी बाइट ताडून पाहणारी चाचणी या तिहींना तीन भिन्न शब्द मानते. तो त्रास टाळण्यासाठी एखाद्याने अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकली, तर तिसऱ्या प्रकारचा ‘आचाऱ्यास’ हा ‘आचार्यास’ होऊन बसतो, म्हणजे स्वयंपाकी गुरुपदास चढतो. अतिकठोरपणा आणि अतिशैथिल्य हे दोन्ही दोष एकाच शब्दात एकत्र आले आहेत. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच कथा आहे. त्याला २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले, तथापि ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिण्याची जुनी रीत प्रचारात राहिली, आणि या दोहोंस युनिकोड समरूप मानीत नाही.

याहून दूरगामी परिणाम एका रूढीचा होतो. उत्तरे सर्वत्र सारखी यावीत म्हणून पुष्कळ चाचणी-संच आरंभीच ‘एलसी_ऑल’ या चलाला ‘सी’ ही किंमत देतात. त्यामुळे आज्ञावलींचे संदेश इंग्रजीत येतात आणि शब्दांचा क्रम बाइटांनुसार लागतो. सोयीच्या दृष्टीने हे समर्थनीय आहे, परंतु याचा अर्थ असा की, आज्ञावलीचे मराठी रूप चाचणीच्या दाराबाहेरच राहते. एवढेच नव्हे, तर त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ, ‘व’च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’च्या नंतर आहे. अशा स्थितीत कोशातील शब्दांचा क्रम अचूक असल्याचा निर्वाळा जर चाचणीने दिला, तर तो निर्वाळा मराठी कोशास लागू पडत नाही.

३

‘ळ’चा विषय निघाला असता खानदेशाच्या बोलींकडे वळणे क्रमप्राप्त होते, कारण या वर्णाच्या ठिकाणी ‘य’ येणे ही या बोलींची सर्वपरिचित खूण आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचा समावेश नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ली भाषांसमवेत केला गेला. मराठीच्या खंडात तिला स्थान दिले गेले नाही. तिचे स्थान कोठे, या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. अहिराणीत प्रमाण मराठीतील ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, ‘घरात’ याऐवजी ‘घरमा’, ‘माझा’ याऐवजी ‘मना’ आणि ‘आहे’ याऐवजी ‘शे’ येते, एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुरे.

प्रमाण मराठीसाठी लिहिलेली अपेक्षांची यादी या बोलीपुढे ठेवली असता काय होईल? ‘डोया’, ‘घरमा’, ‘शे’ ही रूपे अनुत्तीर्ण होतील. हा दोष उघड आहे आणि उघड असल्यामुळे तितकासा भयावह नाही. खरा धोका ‘काया’ या शब्दात आहे. अहिराणीत तो ‘काळा’ या अर्थी विशेषण आहे, तर प्रमाण मराठीत ‘देह’ या अर्थी नाम आहे. शुद्धलेखनाची चाचणी त्याला बिनदिक्कत उत्तीर्ण करील आणि पदविश्लेषक त्याला स्त्रीलिंगी नाम म्हणून नोंदवील. उत्तर आले, ते अपेक्षित रूपाशी जुळले, आणि तरीही ते चूक आहे. रूप जुळणे आणि अर्थ जुळणे यांतील भेद ज्या साधनास दिसत नाही, त्याच्या निर्वाळ्याचा अर्थ किती मर्यादित असतो हे या एका शब्दावरून स्पष्ट होते.

यावर ‘य’च्या जागी ‘ळ’ घालून बोलीचा शब्द प्रमाण रूपात आणावा आणि मग चाचणी घ्यावी, असा उपाय सुचविला जाण्याचा संभव आहे. परंतु हा नियम एकाच दिशेने चालतो. ‘डोया’वरून ‘डोळा’ मिळेल, पण त्याच नियमाने ‘गाय’चा ‘गाळ’ होईल. कोणता ‘य’ मूळचा आणि कोणता ‘ळ’च्या ठिकाणी आलेला हे बोलणाऱ्यास ठाऊक असते. ते नमुन्यात लिहून देता येते, परंतु नमुन्यातून आपोआप निष्पन्न होत नाही.

या संदर्भात बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पूर्व जळगावातील लेवा गणबोलीत रचलेली ही गाणी मुखातून निघाली, इतरांनी ती लिहून घेतली आणि कवयित्रीच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. लिहून घेणाऱ्यांनी त्यांतील ‘य’ प्रमाण मराठीच्या ‘ळ’ने बदलला नाही, म्हणूनच ती बोली आज वाचकाच्या कानी पडते. जळगावच्या ज्या विद्यापीठास २०१८ पासून त्यांचे नाव लाभले आहे त्याच्या परिसरात बोलींचे शब्दसंग्रह संगणकावर चढविले जातील, तेव्हा त्या लेखनिकांची जागा अपेक्षांची यादी लिहिणाऱ्याने घेतलेली असेल. त्याची एक निष्काळजी ओळ हजारो नोंदींवर, पुनःपुन्हा आणि कोणाच्याही नकळत, लागू होत राहील.

एक्स्पेक्टबरोबर येणारे ‘ऑटोएक्स्पेक्ट’ हे उपसाधन याच कारणासाठी सावधपणे वापरले पाहिजे. ते मनुष्याचे एक संभाषण टिपून त्यावरून स्क्रिप्ट तयार करते, आणि त्या वेळी जे उत्तर आले तेच यापुढे अपेक्षित ठरते. दिनांकासारख्या आगंतुक गोष्टीही अपेक्षेत शिरतात, म्हणून तयार झालेली स्क्रिप्ट हाताने सुधारून घ्यावी लागते. दिनांक खटकतो म्हणून काढला जातो, परंतु चुकीचे पदविश्लेषण खटकण्यासाठी वाचणाऱ्यास ती बोली यावी लागते. पोथ्यांचा अभ्यासक हा प्रकार तत्काळ ओळखील. धुळ्यात १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले आणि पुढील वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदपत्रांच्या ज्या अभ्यासाशी ते नाव निगडित आहे, त्याची पहिली शिकवण हीच आहे की नकलकाराचा प्रमाद कितीही निष्ठेने पुढे उतरविला तरी तो प्रमादच राहतो. टिपलेले उत्तर हा एक पाठ आहे. तो प्रमाण पाठ आहे की नाही हे संपादकाने ठरवावयाचे असते.

४

वरील विवेचनावरून या स्क्रिप्टा त्याज्य आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. एखादा प्रत्यय-नियम बदलल्यावर पूर्वी साधलेली सहस्रावधी रूपे पुन्हा तपासून पाहण्याची चिकाटी मनुष्यात नसते, ती यंत्रात असते. शिवाय स्क्रिप्टमधील अपेक्षा लिहून ठेवलेली असल्यामुळे ती वादास खुली असते. शिक्षकाच्या मनातील शुद्धाशुद्धविवेक तसा नसतो. साधन सांगितले तेवढेच करते, दोष वापरणाऱ्याचा, असा बचाव अभियंता करील. तोही अंशतः मान्य करावयास हवा. परंतु काही न सांगितले असता साधन काय करते हीदेखील त्याच्या व्याकरणाचीच बाब आहे. मौनास संमती मानणे ही तटस्थता नव्हे.

उपाय त्याच परंपरेत उपलब्ध आहे. एक्स्पेक्टच्या पायावर रॉब सॅव्हॉय यांनी उभारलेल्या ‘डेजाग्नू’ या चाचणी-संचात निकाल केवळ दोन नसतात. उत्तीर्ण व अनुत्तीर्ण यांच्याशिवाय अपेक्षित अनुत्तीर्ण, अनपेक्षित उत्तीर्ण, अनिर्णित, अपरीक्षित आणि असमर्थित असे भेद त्यात केलेले आहेत. बोलींच्या अभ्यासकास ही वर्गवारी मोलाची वाटली पाहिजे. ‘घरमा’ हे रूप प्रमाण मराठीच्या आज्ञावलीस समजत नसेल तर निकाल ‘असमर्थित’ असा लिहावयाचा. त्याला ‘चूक’ म्हणावयाचे नाही. ‘काया’चा निर्णय झालेला नसेल तर त्याला ‘अनिर्णित’ म्हणावयाचे, ‘उत्तीर्ण’ म्हणून पुढे ढकलावयाचे नाही. यंत्राचे अज्ञान हा बोलणाऱ्याचा दोष ठरू नये, ही साधी न्यायबुद्धी या वर्गवारीत आहे.

यास जोडून काही शिस्त पाळली असता पुष्कळ अनर्थ टळतील. मुदत संपली असता स्क्रिप्टने स्पष्टपणे अपयश नोंदवावे. टर्मिनलचा प्रतिध्वनी बंद करून मगच उत्तर वाचावे. नमुना शब्दाच्या दोन्ही सीमांस बांधलेला असावा. तुलनेपूर्वी युनिकोडचे सामान्यीकरण करावे आणि अदृश्य जोडचिन्ह पुसून न टाकता त्याने लिहिलेला ‘ऱ्य’ वा ‘ऱ्ह’ स्वतंत्र ‘ऱ’च्या रूपात आणावा. चाचणी ‘सी’ या परिस्थितीत चालविली तरी ती मराठीच्या ‘एमआर_आयएन’ या परिस्थितीतही चालवावी. आणि बोलीच्या प्रत्येक अपेक्षित रूपाजवळ ते कोणत्या गावच्या बोलण्यातून घेतले हे नोंदवून, एकाहून अधिक रूपे प्रचारात असल्यास ती सर्व ग्राह्य धरावीत.

यांतील पहिल्या पाच गोष्टी कोणताही दक्ष अभियंता करू शकेल. सहावी मात्र त्याच्या हातची नाही. शिरपूरच्या वा चाळीसगावच्या घरात ‘य’ कोठे उच्चारला जातो आणि त्याने काय अभिप्रेत असते, हे ज्याने ऐकले आहे त्यानेच ती अपेक्षा लिहावयास हवी. खानदेशातील भाषाविभागांनी हे काम आपले मानले नाही तर ते अडून राहणार नाही, ते दुसरा कोणी करीलच, आणि त्याच्या यादीत ‘काया’ म्हणजे देह एवढेच लिहिलेले असेल.